शेतकरी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर गुड मॉर्निंग येतं, पिकाची माहिती कोणीच देत नाही. काय करावं?

'माहिती असेल तर टाका' म्हणणं सोडा. ठरल्या वारी, ठरलेल्या लोकांकडून, मोजलेला एकच आकडा मागा. मोघम प्रश्नाला माणूस उत्तर देत नाही, कारण चारचौघांत चुकायची भीती वाटते. मोजून आणलेला आकडा सांगायला तेवढी भीती नसते.

यवतमाळ-वर्धेच्या पट्ट्यातली कपाशीच घ्या. गावाच्या चारही बाजूंची चार-पाच वावरं निवडा. बोंडं धरली की दर सोमवारी प्रत्येकाने वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडून फोडायची आणि एवढंच लिहायचं: 'नाल्याकडचं वावर, २० पैकी २ किडकी.' २ म्हणजे १० टक्के, गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे इथून पुढे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होतं. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग ३ रात्री, दर रात्री एका सापळ्यात ८ पतंग सापडले तरी तोच इशारा. नुसत्या बोंडाचा फोटो मागू नका. वरून ते धड दिसतं, अळी आत असते.

सगळे आकडे अ‍ॅडमिनने एका मेसेजात लिहून ७ दिवसांसाठी पिन करावेत, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते सुविचारांखाली गाडले जातात. लिहिता येत नसेल त्याने बोलून पाठवावं, आकडा अ‍ॅडमिनने लिहावा. आणि ज्याने पाठवला त्याला त्याच दिवशी उत्तर द्या. दोन सोमवार कोणी दखल घेतली नाही तर तिसऱ्यांदा तो पाठवणार नाही.

मात्र दुसऱ्याच्या आकड्यावरून फवारणी करू नका. आधी आपल्या वावरातली २० बोंडं फोडा, औषध सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारून घ्या.