पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगला डेटा कुठून आणावा?

तुम्ही विचारलंय की पतसंस्थेचं सॉफ्टवेअर तपासायला दोन लाख सभासदांचा डेटा लागणार आहे, तर लाइव्ह डेटाबेसची कॉपी घेऊन फक्त नावं बदलली तर चालेल का, की सगळा डेटा नव्याने बनवावा?

नव्याने बनवा. मी बडोद्यात अकरा वर्षं टेस्टिंग करतोय, त्यातली बरीचशी कर्ज-ठेवींच्या सॉफ्टवेअरवरच गेली. नावं बदललेली कॉपी मी आता कुणाला वापरू देत नाही, कारण नाव पुसलं तरी माणूस ओळखू येतो. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पोस्टाचा कोड एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येतात, असा हिशेब अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लाटान्या स्वीनी यांनी २००० साली मांडला होता. पतसंस्थेचे सभासद तर एकाच भागातले असतात. दांडिया बाजारातली एकटी राहणारी बाई, अमुक सालचा जन्म, सोनेतारण कर्ज, एवढं वाचून शेजारी नाव सांगेल. त्या बाईंनी माहिती कर्जासाठी दिली, आपल्या टेस्टिंगसाठी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला उद्देशाशी बांधलंय ते याचसाठी.

पण नुसता रँडम डेटाही धोक्याचा असतो. आधीच्या एका नोकरीत आम्ही नऊने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल नंबर स्क्रिप्टने पाडले होते. टेस्ट सर्व्हरला एसएमएसची लाइव्ह सेवा जोडलेली आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि थकबाकीचे मेसेज खरोखरच्या लोकांना गेले. रात्री एका गृहस्थांचा फोन आला. गुजरातीत ते एवढंच विचारत होते, "माझ्या मुलाने कर्ज काढलंय का?" त्यांची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: टेस्ट सर्व्हरवरून मेसेज जाईल तो टीमच्याच चार नंबरांवर. ईमेलला 'एक्झाम्पल डॉट कॉम' वापरायचं. ते डोमेन उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, तिथे कुणाची पेटी नाही.

नाव-पत्ता-नंबर भरायला पायथनची फेकर लायब्ररी पुरते, तिच्यात भारतीय नावंही आहेत. मात्र ती एकेक रकाना सुटा भरते. पॅनमधलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. हे जुळलं नाही तर अर्ज दारातच अडतो आणि व्याजाच्या हिशेबापर्यंत तुमची टेस्ट पोचतच नाही. आधारचं उलट आहे. शेवटचा अंक बाकीच्या अंकांवरून व्हरहोफ नावाच्या पद्धतीने काढलेला, पडताळणीचा असतो; तो बरोबर काढलात, तर तो नंबर कुणाचा तरी खरा निघू शकतो. खरा आधार ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणून मी मुद्दाम १ ने सुरू होणारेच बनवतो, टेस्ट सर्व्हरवर पहिल्या अंकाची अट सैल ठेवतो आणि ती अट वेगळ्या युनिट टेस्टमध्ये, म्हणजे कोडचा तेवढाच तुकडा चालवून, तपासतो.

नावांवर वेळ घालवा, इथे खूप चुका सापडतात. बडोद्यात फॉर्मवर आडनाव आधी लिहायची पद्धत, आपल्या मराठी घरांत शेवटी. एकच गृहस्थ नातेवाइकांत माधवराव, तर दुकानाच्या कागदावर माधवभाई. गायकवाड इंग्रजीत कुणी 'ए-ई' घालून लिहितं, कुणी 'ए-आय'. एकाच सभासदाची दोन खाती शोधणारा तुमचा कोड अशा जोड्यांवर चालवून पाहा. क्षीरसागर हे आडनाव डोळ्यांना पाच अक्षरांचं, पण युनिकोडमध्ये ९ चिन्हांचं आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती चिन्हं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, २७ बाइटचं. रकाना २० बाइटचा असेल तर ते एक तर तुटेल, नाही तर एररच येईल.

त्याहून महत्त्वाची नाती. आधी सभासद, मग खातं, मग कर्ज, मग हप्ते, याच क्रमाने बनवा आणि तारखाही त्याच क्रमात ठेवा. मग ठरवून गुंता घाला: एकमेकांना जामीन राहिलेले दोन कर्जदार, मुदतीआधी वारलेला ठेवीदार, वारस नसलेलं खातं. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या कर्जाचा पुढचा हप्ता फेब्रुवारीत कुठल्या तारखेला पडतो आणि मार्चमध्ये तो परत ३१ वर येतो का, हे बघाच. २९ फेब्रुवारीला जन्मलेला एक सभासद हवाच.

रकमा सगळ्यांना सारख्या वाटू नका. बहुतेक खात्यांत थोडे पैसे, मोजक्यांत खूप, असंच खरं चित्र असतं. रिपोर्टचा वेग तेव्हाच कळतो. डेटा बनवणाऱ्या कोडचा सीड, म्हणजे रँडम आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो, लिहून ठेवा, म्हणजे आज सापडलेली चूक उद्या त्याच डेटावर पुन्हा दाखवता येईल. दोन लाख सभासदांचा डेटा फक्त वेग बघायला वापरा. रोजच्या टेस्टला हाताने विचार करून बनवलेले तीनशे सभासद पुरे होतात.

एआयला "हजार सभासद दे" म्हटलं की तीच ती नावं फिरून येतात. त्याच्याकडून मी डेटा बनवणारा कोड लिहून घेतो. खऱ्या सभासदाची एकही ओळ एआयला देऊ नका.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी दोन दिवस संस्थेच्या काउंटरवर बसा. मी बसलो तेव्हा तिथल्या कॅशियर बेन म्हणाल्या, "यात्रेला जाणारी माणसं तीन हप्ते एकदम भरून जातात." आमचं सॉफ्टवेअर ती रक्कम एकाच हप्त्यात जमा करायचं आणि पुढच्या महिन्यात त्या माणसाला थकबाकीदार दाखवायचं. माझ्या तीनशे सभासदांत आता असे बारा यात्रेकरू आहेत.