विमानात मुलांचे कान दुखतात तेव्हा

प्रश्न : पुढच्या महिन्यात पुण्याहून दिल्लीला विमानाने जायचं आहे. मुलगी सात महिन्यांची, मुलगा पाच वर्षांचा. मागच्या वेळी विमान उतरताना तो कान धरून रडला होता. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुखणं उतरतानाच जास्त असतं. केबिनमधला हवेचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. मधल्या कानातून घशाकडे जाणारी नळी उघडली की दाब सारखा होतो. मुलांमध्ये ती अरुंद आणि आडवी असते, म्हणून पटकन उघडत नाही. गिळताना मात्र उघडते.

त्यामुळे बाळाचं एक दूध उतरण्यासाठी राखून ठेवा. विमान जमिनीवर टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी खाली यायला सुरुवात होते. सीटबेल्टच्या सूचनेची वाट पाहू नका. बाळाला उभट धरून थोडं थोडं पाजा. सगळं सुरुवातीलाच संपलं, तर ऐन वेळी काही उरत नाही. मुलगा झोपला असेल तर उठवाच, झोपेत गिळणं फार कमी होतं. त्याला स्ट्रॉने घोट घोट पाणी द्या, जांभया द्यायला लावा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायला घरीच शिकवा. जोर लावू देऊ नका, पडद्याला इजा होते. कडक गोळ्या चार वर्षांखालच्या मुलांना नकोत, घशात अडकतात.

सर्दी असेल तर आधी सलाइनचे थेंब घालून नाक मोकळं करा. कान आधीच दुखत किंवा वाहत असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं करणारी औषधं मनाने देऊ नका.