नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे कर्करोग होतो का?

आपण विचारले आहे की क्लोरीन घातलेल्या पाण्यात कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात हे खरे आहे का, आणि तसे असेल तर क्लोरीन न घातलेले पाणी पिणे अधिक सुरक्षित ठरेल का. मी काही वर्षे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे. अशी द्रव्ये तयार होतात ही गोष्ट खरी आहे, पण म्हणून क्लोरीनच नको, हा निष्कर्ष धोक्याचा आहे.

नदी-तलावाच्या पाण्यात कुजलेली पाने आणि माती यांतून आलेले सेंद्रिय द्रव्य विरघळलेले असते. क्लोरीन जंतूंना मारतो तशीच या द्रव्याशीही त्याची अभिक्रिया होते आणि त्यातून क्लोरोफॉर्मसह ट्रायहॅलोमिथेन गटातील संयुगे, हॅलोॲसिटिक आम्ले व इतर शेकडो संयुगे अत्यल्प प्रमाणात तयार होतात. पाण्यात ब्रोमाइड (ब्रोमीनचा क्षार) असेल तर ब्रोमीनयुक्त संयुगेही बनतात आणि ती सहसा अधिक विषारी असतात. नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी 1974 मध्ये हे प्रथम दाखवून दिले, म्हणजे पिण्याच्या पाण्यात नियमित क्लोरीन घालायला सुरुवात होऊन तोवर सहा-सात दशके लोटली होती.

या तपासणीसाठी नमुना कसा घेतात हे पाहिले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. 40 मिलिलीटरची काचेची छोटी बाटली तोंडावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत भरायची, झाकण घट्ट लावून ती उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची, आणि एकही बुडबुडा वर चढताना दिसला तर तो नमुना बाद करून नवी बाटली घ्यायची. कारण क्लोरोफॉर्म इतका उडून जाणारा आहे की तेवढ्याशा हवेतही तो पाण्यातून निसटतो. बाटलीत आधीपासून क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, नाहीतर पाण्यात उरलेला क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासातही ही संयुगे बनवतच राहतो. जलवाहिनीतही हेच घडते. म्हणूनच शुद्धीकरण केंद्रापासून लांबच्या टोकाला आणि उष्ण ऋतूत ट्रायहॅलोमिथेनचे प्रमाण सहसा जास्त आढळते. आणि क्लोरोफॉर्म उडून जाणारा असल्यामुळेच, बंद न्हाणीघरात गरम पाण्याने बराच वेळ शॉवर घेतल्यास श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जाणारा भाग पिण्यातून जाणाऱ्या भागाइतका किंवा त्याहून अधिक असू शकतो. खिडकी उघडी ठेवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि पाण्याच्या चर्चेत त्याचा उल्लेखही होत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता आरोग्याबद्दल. मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म दिलेल्या उंदरांमध्ये कर्करोग आढळला, परंतु नळाच्या पाण्यातील मात्रा त्यापेक्षा कितीतरी पटींनी कमी असते. माणसांवरील अभ्यासांत सर्वांत सातत्याने दिसणारा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे, आणि तोही दशकानुदशके जास्त प्रमाण असलेले पाणी वापरणाऱ्यांमध्ये. गर्भावरील परिणामांबाबतचा पुरावा त्याहून कमकुवत आहे. चार ट्रायहॅलोमिथेनांच्या एकूण प्रमाणासाठी अमेरिकेत प्रतिलीटर 80 मायक्रोग्रॅम, तर युरोपीय संघात 100 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. याउलट निर्जंतुक न केलेल्या पाण्यातून होणारा पटकी किंवा विषमज्वर काही दिवसांतच जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच बजावले आहे की ही संयुगे कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणात तडजोड होता कामा नये.

माझ्या मते रोख क्लोरीनवर नव्हे, तर त्याच्या आधी पाण्यात काय उरले आहे यावर असायला हवा. तुरटीची मात्रा व पाण्याचा सामू (pH) नीट राखून सेंद्रिय द्रव्य आधीच खाली बसवले, आणि क्लोरीन कच्च्या पाण्यात न घालता गाळण झाल्यावर घातला, तर ही संयुगे मुळातच कमी बनतात. निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली तरी प्रश्न संपत नाही, कारण क्लोरीनऐवजी वापरला जाणारा ओझोन ब्रोमाइडपासून ब्रोमेट बनवतो आणि क्लोरामाइनमुळे (क्लोरीन व अमोनियाचे संयुग) नायट्रोसअमाइन तयार होऊ शकतात; हीसुद्धा कर्करोगाचा संशय असलेली द्रव्ये आहेत.

घरी काही करायचेच असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बनची गाळणी उपयोगी पडते; मात्र ती केवळ क्लोरीनचा वास घालवणारी आहे की ट्रायहॅलोमिथेनसाठी प्रमाणित आहे, हे पाहून घ्यावे. गाळणीतले काडतूस (कार्ट्रिज) वेळेवर बदलावे, कारण संपलेला कार्बन ही संयुगे अडवत नाही, आणि क्लोरीन निघून गेलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. उघड्या भांड्यात पाणी उकळल्यास क्लोरोफॉर्म बराचसा निघून जातो, पण सगळी हॅलोॲसिटिक आम्ले तशी जात नाहीत. त्याआधी आपल्या पाणीपुरवठा विभागाकडे वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील, उष्ण ऋतूत घेतलेल्या नमुन्यांचे आकडे मागावेत. केंद्राच्या दारातच घेतलेल्या नमुन्याचा आकडा आपल्या नळाबद्दल फारसे काही सांगत नाही.