नव्या पीसीचा वास येतोय? आधी खिडकी उघडा

नवीन मशीन घेतलंस, छान. पहिले काही दिवस जो प्लास्टिकचा वास येतो, त्याने घाबरून जाऊ नकोस, पण 'मनाचे खेळ' म्हणून सोडूनही देऊ नकोस. प्लास्टिक पेट घेऊ नये म्हणून त्यात ज्वालारोधक रसायनं घालतात. मशीन तापलं की ती थोडी थोडी हवेत येतात. 2000 साली स्वीडनच्या संशोधकांना नव्या मॉनिटरमधून ट्रायफिनाइल फॉस्फेट हे असंच एक ज्वालारोधक बाहेर पडताना आढळलं होतं. काहींना त्याची ॲलर्जी होते. दिवसागणिक प्रमाण घटत गेलं, हेही त्यांनीच मोजलं. पीबीडीईसारख्या ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांवर युरोपात 1 जुलै 2006 पासून 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. म्हणून जुन्या बाजारातला त्याआधीचा डबा स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही.

पहिला आठवडा खिडक्या उघडून, पंखा लावून मशीन चालव. बंद एसी खोलीत नको, आणि बाळाच्या खोलीत तर नकोच. ही रसायनं धुळीतही साठतात, तेव्हा कोरड्या फडक्याने झटकू नकोस. टेबल, फरशी ओल्या फडक्याने पूस. मशीन मात्र बंद करून, गॅलरीत नेऊन साफ कर. मी वर्षानुवर्षं तोंडाने फुंकर मारायचो, शिंका येईपर्यंत!

जळका किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर गोष्ट वेगळी. सरळ मेन स्विच बंद कर आणि पॉवर सप्लाय दाखवून घे. तो स्वतः उघडू नकोस, आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही वीज साठलेली असते.