प्रश्न तुमचे : मानसशास्त्रात एमए करायचंय, अर्ज कुठे करू?

प्रश्न : मॅडम, मी उदगीरला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय मानसशास्त्र, माध्यम मराठी. मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं आहे. मुंबईच्या 'टिस'ला, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, जावं असं मनात आहे, पण प्रवेश परीक्षेची भीती वाटते. दुसरीकडे पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात 'एमए क्लिनिकल सायकॉलॉजी' आहे. तिथली फी झेपणारी नाही, तरी वडील जमीन गहाण ठेवू म्हणतात. सोबत माझं स्टेटमेंट ऑफ पर्पज जोडलं आहे, ते कसं वाटतं? आणि शिफारसपत्र कुणाकडून घेऊ? – एक विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : जमिनीचा विषय आधी. वडिलांनी बँकेची पायरी चढण्याआधी त्या विद्यापीठाला एक ई-मेल कर आणि विचार, की हा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला आहे का आणि ती मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे? उत्तर लेखी माग. फोनवर गोड आवाजात "हो हो, मान्यता आहे" म्हणतात, ती बहुतेक वेळा यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, असते. ती हवीच, पण तुझं काम तेवढ्यावर भागत नाही.

नुसतं एमए करून दारावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. परिषदेच्या १९९२च्या कायद्याप्रमाणे तिच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही परिषदेने मान्य केलेल्या प्रशिक्षणावरच उभी आहे. तुझ्या पुढच्या मुलींनी जो रस्ता धरला तो असा : आधी एमए, मग दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, बंगळुरूचं निम्हान्स किंवा रांचीचं सीआयपी अशा एखाद्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत. आता यूजीसीने एमफिल ही पदवीच मोडीत काढली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीला तेवढी मुदत वाढवून मिळाली, तीही २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंतच. तू एमए होशील २०२८ला. त्यामुळे "एमए कुठूनही कर, पुढे एमफिल आहेच" असं सांगणाऱ्या सीनियर ताईचा सल्ला तिच्या वर्षासाठी बरोबर होता, तुझ्यासाठी नाही.

एमफिलच्या जागी परिषदेने स्वतःचा दोन वर्षांचा एमए क्लिनिकल सायकॉलॉजी आणि त्यापुढे सायडी, म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी ही पदवी, असा नवा क्रम आणला आहे. घोळ होतो तो इथेच. कितीतरी कॉलेजांत याच नावाचा एमए आधीपासून चालू आहे आणि त्यातल्या सगळ्यांना परिषदेची मान्यता नाही. प्रमाणपत्रावरचं नाव तेच, पण नोंदणीच्या दारात दोन मुलींची गत वेगळी. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. तीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि वर्ष अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जा. टिसचा एमए अप्लाइड सायकॉलॉजीचा आहे, तिथे अर्ज करतानाही हाच प्रश्न विचार. टिस मोठी संस्था आहे आणि तिथे शिकायला मिळणं भाग्याचं आहे, पण तुला नेमकं काय व्हायचंय ते ठरवून मग तिथे जा. शाळेत किंवा संस्थेत समुपदेशन, संशोधन, नेट देऊन प्राध्यापकी यांपैकी काही करायचं असेल तर साध्या एमएवरही चांगलं आयुष्य उभं राहतं. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी ते उभं केलं आहे.

आता परीक्षा. टिससकट अनेक ठिकाणी पहिली पायरी सीयूईटी-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची देशभरातली सामायिक परीक्षा, आहे. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. चारपैकी एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला तरी उत्तर लिही, सरासरीत फायदाच होतो. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते, म्हणजे तुझ्या सहाव्या सत्राच्या ऐन तोंडावर. म्हणून दिवाळीनंतर नव्हे, आत्ताच सुरुवात कर. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाही. तुझी भीती मला वाटतं विषयाची नसून इंग्रजीची आहे, आणि तिच्यावर इलाज आहे. एक वही कर. डाव्या बाजूला तुझ्या पुस्तकातली संज्ञा, उजव्या बाजूला इंग्रजी. साधक अभिसंधान – ऑपरंट कंडिशनिंग, प्रमाण विचलन – स्टँडर्ड डिव्हिएशन, अशी रोज दहा. संकल्पना तुला येतातच, नाव ओळखीचं झालं की प्रश्न सुटतो. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती मात्र मन लावून कर. मुलं फ्रॉइड रंगवून वाचतात आणि सहसंबंध ऑप्शनला टाकतात.

आणि एकाच परीक्षेवर विसंबू नकोस. पुणे विद्यापीठ आपली स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतं, मुंबई विद्यापीठाचा अप्लाइड सायकॉलॉजीचा विभाग कलिन्याला आहे, आणि तुझ्या नांदेडच्या विद्यापीठाची चौकशीही कर. सरकारी फीमध्ये चांगले शिक्षक मिळतात, हे मी अनुभवाने सांगते.

तुझं स्टेटमेंट दोनदा वाचलं. पहिला परिच्छेद असा आहे : "मानसशास्त्र हा माझा लहानपणापासून आवडीचा विषय आहे. आजच्या धकाधकीच्या जीवनात तणाव वाढला आहे. मला दुःखी लोकांना मदत करायची आहे." यात खोटं काही नाही, पण प्रवेश समितीपुढच्या गठ्ठ्यात निम्म्या अर्जांवर हेच असतं. मी अशा समित्यांवर बसलेली आहे. वाचणाऱ्याची नजर तिसऱ्या ओळीपर्यंतही टिकत नाही.

पण दुसऱ्या पानावर, अगदी शेवटी, तू जाता जाता एक गोष्ट लिहिली आहेस. प्रकल्पासाठी तू अकरावीच्या मुलींकडून परीक्षा-चिंतेची प्रश्नावली भरून घेत होतीस. एका मुलीने विचारलं, "हे बाबांना कळणार का?" तू म्हणालीस, नाव लिहायची गरज नाही. तेव्हा तिने भरलेला कागद परत मागून घेतला, नाव खोडलं आणि चार-पाच उत्तरं बदलली.

अगं, हाच तुझा अर्ज आहे! हा प्रसंग पहिल्या ओळीत आण. मग लिही, की त्या दिवशी तुझ्या मनात काय आलं. बाकीच्या मुलींनीही आधी बाबांना चालतील अशीच उत्तरं लिहिली असतील का? नाव घालून आणि नाव न घालता, अशा दोन गटांना प्रश्नावली दिली तर गुणांत फरक पडेल का? आपण 'चिंता' मोजतो की घरचा धाक? हे प्रश्न पडलेली मुलगी समितीला हवी असते, कारण तिला मापनातली अडचण पुस्तकातून नाही तर वर्गातल्या बाकावर दिसलेली आहे. त्यानंतर चार ओळींत सांग, की या प्रश्नांसाठी तुला काय शिकायचंय आणि ते त्या विभागात कोण शिकवतं. विभागाच्या पानावर प्राध्यापकांचे विषय दिलेले असतात, ते वाचूनच लिही. तणाव, धकाधकी, समाजसेवा ही सगळी वाक्यं काढून टाक. घरातल्या आजारपणाबद्दल लिहिलेला परिच्छेदही काढ, असं मी म्हणेन. ते दुःख खरं आहे आणि तुझं आहे, ते गुण मिळवण्यासाठी अनोळखी माणसांपुढे मांडायची तुला गरज नाही.

शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याच्या मागे लागू नकोस. प्राचार्यांचं "ही विद्यार्थिनी मेहनती व सद्वर्तनी आहे" हे पत्र कुणाच्याच कामाचं नाही. ज्या सरांनी प्रात्यक्षिकं घेतली त्यांच्याकडे जा, किमान तीन आठवडे आधी. सोबत तुझी प्रात्यक्षिकाची जर्नल, प्रकल्पाची प्रत आणि स्टेटमेंट ने. वर्गात ऐंशी पोरं असतात, सरांना तो खोडलेल्या नावाचा कागद आठवायला हवा असेल तर तो त्यांच्या टेबलावर असला पाहिजे.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे, वय ४१. दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एमए करून शाळेतल्या मुलांसाठी काम करायचं होतं. आता प्रवेश बंद झाले म्हणतात. खरं आहे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : खरं आहे, सर. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात मानसशास्त्र येतं. त्यानुसार यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून हा विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली. त्यामुळे "आमच्याकडे अजून चालू आहे, लगेच पैसे भरा" असं कुणी सांगत असेल तर पैसे भरू नका. नोकरी सांभाळून एमए करू पाहणाऱ्या तुमच्यासारख्यांवर हा निर्णय जड गेला, हे मला कळतं. तरीही माणसांच्या मनाशी काम करायचं शिक्षण माणसांसमोर बसूनच व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यासाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पाहा. काही भाग घरून, काही महिने केंद्रावर प्रत्यक्ष वर्ग, आणि मग कामाचा अनुभव, अशी त्याची रचना आहे. शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवूनच तो आखलेला आहे. प्रत्यक्ष वर्गांसाठी रजा लागेल, म्हणून मुख्याध्यापकांशी आधी बोला.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडीसाठी अर्ज करते आहे. एजंट 'सायडी' सोपी पडेल म्हणतो. काय करावं? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तिथली विद्यापीठातली पीएचडी बहुतेक ठिकाणी फी माफ करून वर विद्यावेतन देते. सायडीचा खर्च मात्र बहुधा आपल्याच खिशातून होतो. प्रवेश मिळायला सोपी आणि फेडायला अवघड, असा तो मामला आहे. दोन्हीकडे एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता आहे का ते बघा, तिथे परवाना मिळवताना त्यावर फार अडतं. पीएचडीला विद्यापीठाइतकाच महत्त्वाचा असतो मार्गदर्शक. मुलीचा विषय आणि त्या प्राध्यापकाचा विषय जुळला नाही तर उत्तम गुणही उपयोगी पडत नाहीत. हे प्राध्यापक यंदा नवीन विद्यार्थी घेणार आहेत का, हे तिने स्वतः ई-मेल करून विचारावं, एजंटकडून नाही. आणि तो ई-मेल सप्टेंबरात जायला हवा, कारण बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या तारखेलाच अर्ज बंद होतात.