सुखवस्तू घरातली शिकलेली मुलं आंदोलनातून हिंसेकडे का वळतात?

गरिबीचं कारण इथे फारसं लागू पडत नाही. पश्चिम जर्मनीतल्या 'रेड आर्मी फॅक्शन' या डाव्या सशस्त्र गटाचंच बघा: गुडरून एन्सलिन पाद्र्याची मुलगी, उलरिके माइनहोफ नावाजलेली पत्रकार. २ जून १९६७ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये निदर्शनांच्या वेळी बेनो ओनेसोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मेला आणि गोळी झाडणारा निर्दोष सुटला. न्याय मिळतो यावरचा अनेकांचा विश्वास तिथेच उडाला.

पण माझ्या मते खरा धोका आंदोलन ओसरल्यावर असतो. बहुतेक जण आपापल्या वाटेने जातात, उरलेला छोटा गट भूमिगत होतो. तिथे 'थांबा' म्हणणारं कोणी नसतं. जो जास्त कडवा, तोच निष्ठावान ठरतो. त्यात घरच्या सुखाची टोचणी, म्हणून त्याग सिद्ध करायची घाई. अमेरिकेत ६ मार्च १९७० ला न्यूयॉर्कमध्ये 'वेदरमन' या डाव्या अतिरेकी गटाचे तिघे स्वतःच्याच बॉम्बने मेले. स्फोट झाला ते घर होतं त्यांच्या एका साथीदार मुलीच्या वडिलांचं. पुढे त्या गटाने आगाऊ सूचना देऊन रिकाम्या इमारतींत स्फोट केले. जर्मन गटाने मात्र तीसहून अधिक जीव घेतले आणि १९९८ मध्ये स्वतःला विसर्जित केलं.