सायकलला कुठला कायदा लागतो? वाचकांचे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सायकलबद्दलची पत्रं वाढतात, यंदा जरा जास्तच आलीत. बहुतेक पत्रांत एक समज पक्का बसलेला दिसतो की सायकलला लायसन्स नाही, पासिंग नाही, इन्शुरन्स नाही म्हणजे सायकलवाल्याला कोणी काही विचारू शकत नाही. हा समज काढून टाका असं मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण त्यात सायकलने ज्याला लागलं त्याचं तर नुकसान होतंच पण सायकलवाल्याला गाडीने उडवलं तर तोही आपला हक्क मागायला जात नाही, "आपली काय, साधी सायकल" म्हणून गप्प बसतो.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा. क्लासवरून येताना उतारावर सायकल आवरली नाही आणि कडेने चालणाऱ्या एका आजोबांना धडक बसली, त्यांचा हात मोडला. ते लोक केस करणार म्हणतात. आमच्या वाडीतले म्हणतात, "सायकलीक खंयचो कायदो?" खरं काय? – एक वडील, कुडाळ

उत्तर : वाडीतल्यांचं ऐकू नका. १९८८ चा मोटार वाहन कायदा सायकलला लागत नाही हे बरोबर आहे, कारण त्यात मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यात पायाने मारायची सायकल बसत नाही. पण १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय आणि तिच्या कलम २८१ मध्ये 'कोणतंही वाहन' असा शब्द आहे, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर कोणाच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार चालवलं तर सायकलसुद्धा त्यात येते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने कोणाला लागलं तर कलम १२५, आणि हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत धरली जाते, तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. माणूस दगावला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत.

हे वाचून घाबरू नका, मुलगा अठराच्या आतला आहे. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, नेहमीच्या कोर्टात नाही, आणि अशा गुन्ह्यात साधारणपणे एफआयआर न होता पोलिस डायरीत नोंद होऊन मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कोणी तशी भीती घालत असेल तर सरळ सांगा की कायदा आम्हाला माहीत आहे.

आता पैशाचं. मोटारसायकलने धडक दिली असती तर इन्शुरन्स कंपनीने भरपाई दिली असती, इथे इन्शुरन्सच नाही म्हणून ते दिवाणी दावा लावू शकतात आणि मान्य झाला तर रक्कम खिशातून जाते. मुलाच्या चुकीला आईबाप आपोआप जबाबदार होतात असं नाही, पण तुमची स्वतःची हयगय दिसली, म्हणजे ब्रेक लागत नाही हे माहीत असून सायकल हातात दिली असं पुढे आलं, तर प्रश्न तुमच्यावर येतो. म्हणून आज घरी जाऊन ती सायकल बघा. ब्रेकचे रबर झिजून आतला पत्रा रिमला घासत असेल तर रिमवर चकचकीत ओरखडा दिसतो आणि ब्रेक दाबला की कर्कश आवाज येतो. केबल गंजून कव्हरमध्ये अडकली असेल तर लिव्हर दाबल्यावर परत बाहेर येत नाही, आपल्याकडे खारं वारं आहे त्यामुळे हे फार होतं. रबराची जोडी आणि केबल बदलायला फार खर्च येत नाही.

आणि आजोबांकडे तुम्ही स्वतः जा, मुलाला बरोबर न्या. औषधपाण्याचा खर्च उचला, बिलांच्या झेरॉक्स ठेवा, जे द्याल त्याची पावती घ्या. कोऱ्या कागदावर सह्या मात्र कोणीच करू नका, तुम्हीही नाही आणि त्यांनीही नाही.

प्रश्न : मी रोज सायकलने आंब्याच्या पॅकिंगला जाते. एप्रिलमध्ये संध्याकाळी घरी येताना मागून पिकअपने धडक दिली, पाय मोडला. ड्रायव्हर म्हणतो तुमच्या सायकलला लाईट नव्हता, चूक तुमची, काही मिळणार नाही. लाईट नव्हता हे खरं आहे. – एक ताई, देवगड तालुका

उत्तर : ताई, लाईट नव्हता म्हणून काहीच मिळणार नाही हे साफ खोटं आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुम्ही अर्ज करू शकता, पिकअपचा थर्ड पार्टी इन्शुरन्स याच्यासाठीच असतो. कंपनीचा वकील लाईटचा मुद्दा काढेल हे धरून चला, तुमचाही काही दोष होता असं न्यायाधिकरणाला पटलं तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कमी होते, म्हणजे पंचवीस टक्के दोष धरला तर भरपाईतले पंचवीस टक्के कापले जातात, बाकीची तुमचीच. मागून येणाऱ्याने पुढचं बघून, आवरेल अशा वेगाने चालवायचं असतं, आणि २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये चालणारे, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं यांची विशेष काळजी घ्या असं गाडीवाल्यांनाच बजावलंय.

फक्त एक, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. एप्रिलचा अपघात म्हणजे तुमच्याकडे आता थोडेच महिने उरलेत, पाय बरा होऊ दे मग बघू असं करू नका. एफआयआरची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, आणि कामावर जाता आलं नाही त्याचा बागायतदाराकडून लिहून घेतलेला कागद एवढं जमवा. वकील करायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे फार जणींना माहीतच नसतं.

गाडी पळून गेली आणि नंबरच मिळाला नाही अशीही दोन पत्रं आहेत, त्यांच्यासाठी इथेच लिहितो. १ एप्रिल २०२२ पासून हिट अँड रनमध्ये मृत्यू झाला तर वारसांना २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार सरकारी योजनेतून मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करून द्यायचा. आणि मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. सायकलवालाही त्यात येतो. नुसतं स्वतः घसरून पडलात तर ही योजना लागू होत नाही.

प्रश्न : हायवे चौपदरी झाल्यापासून शाळेत जायला मुलांना डिव्हायडरचा कट खूप लांब पडतो म्हणून ती उलट्या बाजूने सायकल नेतात. सगळेच नेतात. मुंबई-गोवा हायवेवर सायकलला बंदी आहे का? – चिपळूणजवळच्या गावातून

उत्तर : आपल्या एनएच ६६ वर सायकलला सरसकट बंदी नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि वांद्रे-वरळी सी लिंकवर आहे. पण उलट्या बाजूने जाणं मला अजिबात मान्य नाही, सगळेच नेतात म्हणून तर मुळीच नाही. सरळ बाजूने जाताना मागून साठच्या स्पीडने गाडी येत असेल आणि तुमची सायकल पंधराने, तर फरक पंचेचाळीसचा. उलटे आलात तर दोन्ही बेरीज होऊन पंचाहत्तर, आणि वळणावर तर ड्रायव्हर समोरून सायकल येईल अशी अपेक्षाच करत नाही, तो उजवीकडे बघत डावीकडे वळतो. वर भरपाईची वेळ आली की दोष तुमच्यावरच जास्त येणार.

मुलांनी रोज मोठा वळसा घालावा असं मी म्हणत नाही. जिथे सर्व्हिस रोड किंवा अंडरपास आहे तिथून जा, नसेल तर कडेने सायकल हातात धरून चालत न्या, उतरला की तो पादचारी. आणि गावाने ग्रामसभेचा ठराव करून हायवेच्या खात्याकडे क्रॉसिंग मागायला हवं, शाळेच्या लेटरहेडवर पत्र जोडून. पोरांनी रोज जीव धोक्यात घालायचा आणि मोठ्यांनी रस्त्याला शिव्या देत बसायचं हे बरं नाही.

प्रश्न : जुन्या सायकलला ऑनलाइन किट लावून ई-सायकल केली तर लायसन्स लागतं? मुलगी अकरावीत आहे, तिच्यासाठी करायचंय. – अलिबाग

उत्तर : मोटर २५० वॅटच्या आत आणि स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत, पण ही सूट मान्यताप्राप्त एजन्सीने तपासून मंजूर केलेल्या मॉडेलला असते, त्यामुळे किट विकणारा "टेन्शन नका घेऊ" म्हणाला यावर जाऊ नका, कागद मागा. त्यापेक्षा ताकदवान मोटर लावली की नोंदणी, लायसन्स, इन्शुरन्स, हेल्मेट सगळंच आलं, आणि अठराच्या आतल्या मुलीकडून गुन्हा घडला तर पालकावर २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. शिवाय जुन्या सायकलची फ्रेम आणि ब्रेक त्या वजनाला आणि स्पीडला बनवलेले नसतात. माझं मत विचाराल तर किट नकोच, मंजूर मॉडेल घ्या नाहीतर गिअरची चांगली सायकल घ्या.

प्रश्न : आमच्या वेळी नगरपालिकेचा बिल्ला असायचा, दिवा नसला किंवा डबलसीट सापडलो की पोलीस हवा सोडायचे. आता मुलं अंधारात बिनदिव्याची, पावसात एका हातात छत्री धरून जातात. काही नियम उरलाय का? – निवृत्त शिक्षक, गुहागर

उत्तर : गुरुजी, बिल्ला गेला. पण वाहतुकीचे नियम करायचा अधिकार महाराष्ट्र पोलीस कायद्याने पोलिसांना अजूनही आहे आणि वर लिहिलेली कलमं आहेतच. छत्रीचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ओल्या रिमवर ब्रेक आधीच उशिरा लागतो, त्यात एकच हात म्हणजे एकच ब्रेक, तो पुढचा असला आणि खाली जांभ्याच्या चिखलाचा किंवा शेवाळाचा पट्टा असला की पुढचं चाक सरकतं आणि माणूस थेट खांद्यावर पडतो. रेनकोट घ्या, पिवळा किंवा नारिंगी, टोपी अशी बांधा की मान वळवली तर टोपीही वळेल. पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग उतरायचं. मागे लाल लाईट हवाच, साधा चार्जिंगचा चालतो, आणि रिफ्लेक्टरवरचा चिखल रोज पुसा. पावसाळ्यात रात्री गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात, काळी म्हैस तर बिनलाईटच्या सायकलवाल्याला धडकेपर्यंत दिसत नाही.

हेल्मेटबद्दल तीन जणांनी विचारलंय. सायकलवर हेल्मेटची सक्ती केंद्राच्या कायद्यात नाही, पण घाला. मोटारसायकलचं जड हेल्मेट नको, सायकलचं वेगळं मिळतं, ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला पाहिजे. भाड्याने सायकली देणाऱ्या होमस्टेवाल्यांचे प्रश्न बरेच लांब आहेत, ते पुढच्या अंकात घेतो.